विहीणबाईंची वांगी

आमच्या विहीणबाईंना बोलता बोलता मध्येच थांबावं लागायचं आणि मला कुणी मध्येच थांबलेलं सहन होत नाही. माझा सगळा जन्म शाळेत हिंदी शिकवण्यात गेला. मूल फळ्यापाशी अडखळलं की पुढचा शब्द आपण पुरवायचा, ही खोड हाडात मुरलेली. त्यामुळे विहीणबाई "उद्यां सकाळीं लौकर..." म्हणून थांबल्या, की मी "निघू या" म्हणून मोकळी. त्यांना सांगायचं असायचं, की उद्या सकाळी लवकर पाणी येतं, टाकी भरून घ्या. मग दम परत येईपर्यंत त्या हातानंच नाही नाही करत राहायच्या. दम आला की आधी मला दोन शब्द सुनवायच्या आणि मग आपलं वाक्य पुरं करायला जायच्या. त्यात पुन्हा दम लागायचा.

हा दम त्यांना त्यांच्या शेतानं दिला होता. शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला कारखान्यांच्या शेडी संपतात, त्याच्या जरा पुढे त्यांच्या यजमानांनी नोकरीत असताना जमिनीचा एक तुकडा घेतला होता. त्यात दोन खोल्यांचं घर, एक विहीर आणि उरलेल्या जागेत भाजी. यजमान गेले तरी विहीणबाई तिथेच राहिल्या. माझी लेक आणि जावई शहरात वेलचेरीला आठव्या मजल्यावर राहतात, तिथे त्यांची खोली तयार होती, पलंगावर चादरसुद्धा घातलेली होती. पण त्या सणासुदीला यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी तोडायची आहे म्हणून पळायच्या.

आदल्या वर्षी वांग्यावर अळी पडली. फवारायला माणूस मिळेना, म्हणून बाईंनी स्वतःच पंप पाठीवर घेतला. मध्येच वारा फिरला आणि औषध तोंडावर आलं. आम्ही बरेच दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून काढले. त्या घरी आल्या त्या उशाशी दम्याचा पंप घेऊनच. पाठीवरचा पंप जावयानं कुणाला तरी देऊन टाकला.

जावई माझा अत्यंत गरीब स्वभावाचा. कुत्र्यालासुद्धा 'जरा सरका' म्हणेल. पण एका रविवारी वेलचेरीत जेवताना त्यानं आईला सरळ सांगितलं, "अम्मा, लास्ट सीझन. औषधाचा एक थेंब नाही. वांगी नीट आली तर शेत तुझं. नाही आली तर मी गोदामवाल्याला हो म्हणतो आणि तू इथे येतेस." गोदामवाला म्हणजे शेजारच्या कारखान्याचा माणूस. त्याला ती जागा माल ठेवायला भाड्यानं हवी होती आणि तो सारखा फोन करायचा.

विहीणबाई पानातला भात चिवडत राहिल्या. "औषधाशिवाय वांगीं..." एवढं म्हणून त्यांना थांबावं लागलं.

"येतील," मी म्हणाले.

त्यांना 'येत नाहीत' म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. पण आता मी बोलून बसले होते आणि एकदा बोलले की मागे फिरणं माझ्या पत्रिकेत नाही. शिवाय मला ते वाक्य कुणी गिळायला लावू नये म्हणून मी लगेच दुसरं जोडलं, की यंदा चंपाषष्ठीचं भरीत ह्याच शेतातल्या वांग्यांचं होईल. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, फार कमी बोलतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखी थोडं रसम वाढून घेतलं.

चंपाषष्ठीचं मी मुद्दामच काढलं. आमची सोयरीक जुळली तेव्हा मी साताऱ्याकडची, आणि त्या तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी ऐकलं की मला एखादी बखर कुणी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटे. त्यांचं सांबार मला गोड नाही म्हणून आवडेना, माझी आमटी त्यांना गोड आहे म्हणून आवडेना. मध्यस्थांच्या घरी लग्नाच्या बोलणीला दोन्हीकडचे नुसते एकमेकांकडे बघून हसत होते. तेवढ्यात पानं मांडली आणि मी वांग्याची भाजी वाढून घेतली नाही. त्यांनीही घेतली नव्हती. चातुर्मास चालू होता. आमच्याकडे आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खायचं. त्यांच्याकडेही तेच. इतक्या पिढ्या दक्षिणेत काढून, घरात तमिळ बोलून, देवघरात मुरुगन ठेवूनही हे एवढं त्यांनी टिकवलं होतं. ते समजलं त्या क्षणी मला त्या एकदम माझ्या वाटल्या. लग्न ठरलं ते त्या न वाढून घेतलेल्या भाजीमुळे, असं माझं आजही ठाम मत आहे.

तर बोलून चुकले होते, आता करून दाखवणं भाग होतं. मी भावाला फोन करून कृष्णाकाठच्या काटेरी वांग्याचं बी मागवलं. विहीणबाईंनी नाक मुरडलं. त्यांच्या मते वांगं म्हणजे त्यांचं लहान जांभळं कत्तरिक्काय, बाकीचे सगळे भोपळे. शेवटी अर्ध्या सऱ्या त्यांच्या, अर्ध्या माझ्या असा तह झाला. मला एका कोपऱ्यात टोमॅटोही लावायचे होते. त्यावर त्यांनी तोंडानं काही न बोलता नुसता हात हलवला. टोमॅटो म्हणजे अळीला आवतण, असं त्यांचं मत होतं. मी दर आठवड्याला एकदा तरी टोमॅटोचा विषय काढायची आणि त्या दर वेळी तोच हात हलवायच्या.

दोन दिवसांआड मी आमच्या घराजवळून, वेस्ट मांबलमहून, सकाळची गाडी पकडायची, मध्ये गाडी बदलून गुम्मिडिपूंडीला उतरायची आणि पुढे शेअर ऑटोत बसायची. ऑटोत सगळे कारखान्याचे गणवेश आणि मध्ये मी, डोक्यावर यजमानांची रेल्वेतली जुनी टोपी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नंतर तेच मला खिडकीची जागा देऊ लागले.

शेती खात्यातल्या एक तरुण बाई त्या भागात फिरून बिनविषारी भाजीचं शिकवायच्या. औषध अगदीच शेवटी, आधी बाकी सगळे उपाय करून बघायचे, असं त्यांचं सांगणं. विहीणबाईंच्या अंगणात सात-आठ बायका जमायच्या. शिकवणं तमिळमध्ये. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, म्हणून विहीणबाई मला मराठीत सांगायच्या आणि सांगताना स्वतःची मतं खुशाल मिसळायच्या. जमिनीत निंबोळी पेंड घाला. कडेनं मका लावा, म्हणजे बाहेरून उडत येणारी कीड तिथेच अडते. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावा, अळी आधी झेंडूवर जाते. पिवळ्या चिकट पट्ट्या टांगा, बारीक माश्या त्यांवर चिकटतात. ढालकिडा आणि कोळी दिसले तर मारू नका, ते आपल्या बाजूचे आहेत. वांग्याचा शेंडा मान टाकून सुकलेला दिसला, तर त्यात अळी बसली आहे असं समजून खुडा. आणि फळावर भोक दिसलं तर ते तोडून पाण्यात बुडवा, नाही तर खोल पुरा.

सगळ्यात मजा कामगंध सापळ्याची. काठीला एक नरसाळं, खाली प्लास्टिकची लांब पिशवी आणि वर एक इवलीशी गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास. नर पतंग मुलगी बघायला म्हणून येतात आणि पिशवीत जाऊन पडतात. मी म्हटलं, आमच्या ओळखीत दोन-तीन घरी असले सापळे लावायला हवेत. विहीणबाईंनी त्याचं तमिळ करून बायकांना सांगितलं. बायका इतक्या हसल्या, की त्या शिकवणाऱ्या बाईंना थांबावं लागलं.

श्रावणात रोपं लागली आणि नवरात्राच्या सुमाराला फुलांवर आली. माझी वांगी बुटकी, काटेरी, पानं रुंद. त्यांची उंच आणि नाजूक. सकाळी दोघी आपापल्या सऱ्यांतून फिरायचो आणि वाळलेले शेंडे खुडायचो. कुणाच्या सरीत जास्त निघाले ह्यावरून टोमणे चालायचे. माझ्या झाडाला काटे आहेत, अळी चढेलच कशी, असं मी म्हणायची. तुमच्या काट्यांना अळी भीत नाही, मी भीत्यें, असं त्या म्हणायच्या. अशा सकाळी त्यांना दम कमी लागायचा हे माझ्या लक्षात येत होतं, पण बोलून नजर लावायला नको म्हणून मी गप्प होते.

मग पहिली वांगी धरली आणि पहिली भोकंही पडली. पहिल्यांदा चार-सहा, मग ओंजळभर.

इथे आम्ही जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बुडवा नाही तर पुरा. पण एका बाजूला थोडंसं भोक पडलेलं, बाकी सगळं चकचकीत जांभळं वांगं मातीत गाडायचं? माझा हात धजेना. माझ्या माहेरी असं वांगं किडका भाग काढून सरळ भाजीत पडतं. पण चातुर्मास होता, खाता येत नव्हतं. विकायला पोखरलेली वांगी कोण घेणार. विहीणबाई तर अन्न पुरायचं म्हटल्यावर चक्क घाबरल्या. "अन्नाला माती लोटाची नाहीं, विहीणबाई. माझ्या सासूबाई उठून..."

"येतील," मी म्हणाले.

"मारतील," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच तोडगा काढला. बांधापलीकडे एका अम्मांचा गोठा होता. त्या विहीणबाईंच्या शेतातही कामाला यायच्या. दोन गाई, एक वासरू. देवाला वांगं चालत नाही तोवर गाईला द्यावं, गोग्रासही घडतो आणि अन्नही वाया जात नाही. मला हे इतकं पटलं, की पहिली टोपली मीच डोक्यावर नेली आणि गाईला नमस्कारसुद्धा केला. रोज सकाळी टोपली जाऊ लागली. गाईंनी पहिले एक-दोन दिवस खाल्लं, मग त्यांचा वांग्यातला रस संपला. उरलेली वांगी अम्मा झाडून गव्हाणीमागच्या ढिगावर टाकायच्या. आम्ही टोपली ठेवून परत फिरायचो, पुढे काय होतं ते बघायला थांबायचो नाही. दान दिलेल्या वस्तूकडे वळून बघू नये, असंच शिकलेलो होतो दोघी.

आणि सापळे भरू लागले. पिशवीत पांढुरके पतंग इतके, की खालचे दिसेनात. आम्ही आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी होतो. मी पिशवीचे फोटो काढून लेकीला पाठवायची, लेक जावयाला दाखवायची, जावई टाळ्या वाजवणारे हात पाठवायचा. माझ्या यजमानांना मी म्हटलं, बघा, शत्रू कसा कैद केलाय. ते म्हणाले, "बाहेर किती आहेत?" मी म्हटलं, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही.

दिवाळीच्या आधी पाऊस बसला. वेलचेरीत पाणी भरतं म्हणून लोकांनी आपल्या मोटारी नेहमीसारख्या पुलावर नेऊन लावल्या. रेल्वेगाड्या उशिरा धावत होत्या, मला पाच-सहा दिवस जाता आलं नाही. पाऊस उघडल्यावर गेले तर बाई ओट्यावर बसलेल्या. शेतात पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या काटेरी वांग्यांना हात लावावा तिथे भोक. त्यांच्याही सऱ्यांत तेच. अर्धे शेंडे माना टाकून उभे. टोपली भरली, दुसरी भरली, तरी तोडायची संपेनात.

घरात पाणी प्यायला गेले. तांदळाच्या डब्यामागे एक पिशवी दिसली, दुकानाची. आत बाटली. लाल त्रिकोण, कवटीचं चित्र. नवी कोरी.

माझा पारा चढला की आवाज वर्गातला होतो. मी ती बाटली त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "हे काय आहे? तुम्हाला जीव नकोसा झालाय का?"

"एक वेळ," त्या म्हणाल्या. "एक वेळ मारूं. गोठ्यातली अम्मा मारेल, मी घरांत बसत्यें. कोणाला कळणार..."

"मला कळलंय," मी म्हणाले. "आणि शेजारी फवारलं तरी तुम्हाला घरात बसून खोकला येतो, हे तुमच्या पोराला माहीत आहे. त्याला तुम्ही मेलेल्या नको आहात म्हणून तो अडून बसलाय. त्या गोदामाचं त्याला काही पडलेलं नाही."

त्या उठून उभ्या राहिल्या. रागानं त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "आठव्या मजल्यावर..." म्हणून त्या थांबल्या. मी पुढचा शब्द शोधत होते, पण मिळाला नाही. बराच वेळ छाती वरखाली झाली आणि मग त्या म्हणाल्या, "आठव्या मजल्यावर बसून मी काय कराचं, विहीणबाई? नुस्ता श्वास घेत बसूं?"

मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा मला आणखी राग आला. बाटली पिशवीत कोंबली, वांग्यांची टोपली उचलली आणि तडक बांध ओलांडून गोठ्याकडे गेले. टोपली नेहमीच्या जागी ठेवायची ती न ठेवता रागाच्या भरात थेट मागच्या ढिगावर रिकामी करायला गेले.

ढिगावर आमची सगळी वांगी होती, पहिल्या दिवसापासूनची. वरची ताजी, खालची सुकलेली. आणि त्यांतून गुलाबी अळ्या बाहेर येत होत्या, अगदी फुरसतीनं, माहेरपण झालेल्या लेकींसारख्या धष्टपुष्ट. मी काठीनं थोडं उकरलं. वाळक्या पाचोळ्यात जागोजागी कोश चिकटलेले. एकातून माझ्या डोळ्यांदेखत पतंग निघाला, पंख वाळवत क्षणभर बसला आणि उडून सरळ आमच्या शेताकडे गेला. वाट त्याला पाठ होती.

मी टोपली खाली ठेवली आणि मला हसू फुटलं. आवरेना. आम्ही रोज सकाळी अळ्यांना टोपलीत घालून, डोक्यावर मिरवत आणून, गोठ्याच्या उबेत वाढवत होतो. आणि त्या मोठ्या होऊन सापळ्यात आल्या की फोटो काढून पाठवत होतो. वर नमस्कार.

मी तिथूनच हाक मारली. विहीणबाई रागात होत्या, तरी आल्या. ढिगाकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "गोमाता पूच्ची पाळती," त्या म्हणाल्या. पूच्ची म्हणजे किडा. मग त्यांनाही हसू आलं आणि हसताना दम लागला आणि दम लागलेला असताना त्या आणखी हसू लागल्या. मी त्यांची पाठ चोळत होते. गोठ्याच्या अम्मा, ह्या दोघींना काय झालं म्हणून बघत उभ्या राहिल्या.

शेती खात्यातल्या बाईंना फोन लावला. आमचा भाबडेपणा ऐकून त्यांनी आधी ढीग केवढा आहे ते विचारलं. मग त्यांनी सांगितलं, सगळा ढीग खोल पुरा, रोजची फळं पिंपात बुडवा, आणि मी अंड्यांची कार्डं पाठवते. अम्मांच्या मदतीनं आम्ही त्या दिवशी खड्डा खणला. विहीणबाईंनी खड्ड्यावर माती लोटताना हात जोडले आणि पुटपुटल्या. सासूबाईंची परवानगी घेत असाव्यात, मी विचारलं नाही. बाटली मी जाताना दुकानात परत दिली. दुकानदार म्हणाला, काही बिघडलं का. मी म्हटलं, बिघडू नये म्हणूनच.

कार्डं आली ती टिकल्यांच्या पाकिटासारखी होती. त्यावर वाळूच्या दाण्याहून बारीक अंडी, त्यातून डोळ्यांना नीट दिसणारसुद्धा नाही अशी माशी निघते आणि ती अळीच्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. म्हणजे अळी जन्मायच्या आधीच कारभार आटोपतो. आम्ही तुकडे कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचले. पिंप भरून पाणी ठेवलं. रोज तोडायचं, रोज बुडवायचं. सुकलेला शेंडा दिसला, की तिथल्या तिथे खुडायचा. पुन्हा पाऊस आला, सऱ्यांत पाणी साचलं, ते काढून दिलं. सापळे हळूहळू रिकामे होत गेले. रिकामी पिशवी बघून आनंद व्हायला मला थोडा वेळ लागला, इतकी मला भरलेल्या पिशवीची सवय झाली होती. लेकीला रिकाम्या पिशवीचा फोटो पाठवला तर तिनं विचारलं, आई, हे काय आहे, मला काही दिसत नाही. मी लिहिलं, तेच दाखवतेय.

गोदामवाला मध्ये एकदा येऊन जागा पावलांनी मोजून गेला. विहीणबाईंनी त्याला कॉफी दिली आणि तो गेल्यावर त्याच्या पावलांवरून झाडू फिरवला.

चंपाषष्ठीच्या सकाळी ऊन पडलं. आम्ही सगळे शेतावरच जमलो. जावई आणि लेक वेलचेरीहून आले, माझे यजमान बाजरीचं पीठ घेऊन आले. तोडणी जावयानं स्वतः केली. त्याला पारखून घ्यायचं होतं, त्याचा अधिकारच होता. दोन टोपल्या झाल्या. सगळी काही देखणी नव्हती, पण भरलेली, घट्ट, तुकतुकीत होती. एका कडेला माझी काटेरी, दुसऱ्या कडेला त्यांची लहानगी. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो आणि तो एकेक वांगं फिरवून बघत होता. विहीणबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

माझ्या यजमानांनी अंगणात निखारे केले होते. भाजायच्या आधी जावयानं वांग्यांना चिरा द्यायला घेतल्या. एकाच्या आत अळी निघाली. जिवंत, गुलाबी, अगदी आरामात.

"अम्मा," तो म्हणाला, "हे बघ. अळी आहेच की."

मी बोलायला तोंड उघडलं. पण विहीणबाई माझ्या आधी उठल्या.

"अळी आहे तर आहे," त्या म्हणाल्या, "तिला पोट नाहीं काय, तिणें एक खाल्लें तर तुला दोन टोपल्या ठेवल्या ना, लहानपणीं तूं पेरू अर्धा खाऊन विहिरींत टाकत होतास तेव्हां मी तुला गोदामांत ठेवलें काय, आणि ती मेली नाहीं हें बघ, मेली नाहीं म्हणून मी पण मेलें नाहीं, इतके दिवस ह्या विहीणबाईंनीं उन्हांत टोपी घालून शेंडे खुडले, खड्डा खणला, मला ओरडल्या, माझी बाटली परत दिली, आणि तूं एक अळी दाखवतोस, तुझे अप्पा असते तर त्यांनीं आधीं भाजून खाल्लें असतें आणि मग बोलले असते, ठेव ती सुरी, ती बाजू काप, पिंपांत टाक, राहिलेलें निखाऱ्यावर ठेव, आणि भरतांत गूळ घालूं नक्कोस, ह्या विहीणबाईंनीं लपवून आणला आहे, मला माहीत आहे."

कुठेतरी जागा मिळेल म्हणून मी पुढचा शब्द तोंडात तयार ठेवून बसले होते. जागाच मिळाली नाही. माझी लेक, सासूची कुणी नक्कल करतंय अशा नजरेनं बघत होती. माझे यजमान निखाऱ्यावर वारा घालायचे थांबले. आणि जावई सुरी हातात घेऊन आईकडे बघत होता. तिचं बोलणं तो ऐकत नव्हता. तो तिच्या छातीकडे बघत होता, गळ्याकडे बघत होता. बोलणं संपलं तरी श्वासाची शिट्टी वाजली नाही.

मग त्यानं किडका भाग कापून पिंपात टाकला, उरलेलं वांगं निखाऱ्यावर ठेवलं आणि फोन काढला. गोदामवाल्याशी तो तमिळमध्ये फार थोडं बोलला. त्यातला 'वेण्डाम', नको, एवढा शब्द मला नीट कळला. फोन खिशात ठेवताना त्यानं डोळे पुसले आणि धूर फार आहे म्हणाला. धूर आमच्या बाजूला येतच नव्हता.

मीही रडले, सांगायला लाज कसली. देवाला नैवेद्य दाखवला, भरीत झालं. अर्ध्यात माझा गूळ पडला, अर्ध्यात त्यांची कढीपत्त्याची फोडणी. आषाढापासून जिभेला न लागलेलं वांगं पहिल्या घासाला लागलं आणि माझ्या यजमानांनी लगेच दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी सऱ्यांच्या कडेनं चालत होतो. त्यांनी एका पानाची खालची बाजू उलटून पाहिली, पुन्हा सोडली, आणि रिकाम्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षीं इथें..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. दम लागला नव्हता, तशाच थांबल्या होत्या.

"टोमॅटो," मी म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात हलला नाही.

"लावूं," त्या म्हणाल्या. "कडेनें झेंडू लावूं."